भोरचा राजवाडा
पुणे जिल्ह्यातील भोर येथील पंतसचिवांचा, म्हणजे भोर संस्थानाच्या राज्यकर्त्यांचा, वाडा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालेले शंकराजी नारायण हे या घराण्याचे मूळ पुरुष. आजची वास्तू १८६९ मधली, चिमणाजीराव पंतसचिवांच्या कारकिर्दीतली. म्हणजे पेशवाई बुडून पन्नास वर्षे झाल्यावरची. तिची रचना मराठी आणि युरोपीय अशी दुपेडी आहे ती त्यामुळेच. आतला आराखडा मराठी वाड्याचाच: चौक, भोवती ओसऱ्या, लाकडी खांब, त्यांवर तुळया. खांब जमिनीत न रोवता दगडी उथाळ्यावर, म्हणजे बैठकीच्या दगडावर, बसवण्याच्या पद्धतीमुळे ओल लाकडात चढत नाही. भोरच्या पावसात हे शहाणपणच. दर्शनी भागावर आणि दरबाराच्या सजावटीत मात्र युरोपीय वळण दिसते. ही सरमिसळ काहींना खटकते, पण संस्थानी काळाची खरी खूण तीच.

१९४८ मध्ये भोर संस्थान भारतात विलीन झाले आणि दरबाराचे प्रयोजन संपले. वाड्यातला रामनवमीचा उत्सव मात्र टिकला. पुढे मराठी-हिंदी चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे वाडा सर्वदूर पोहोचला. पडद्यावर तो बहुधा दुसऱ्याच कुणाचा वाडा म्हणून दिसतो. वाडा टिकवायचा तर त्याच्या लाकूडकामाला खरा धोका वाळवीचा आणि गळक्या छपराचा.