संततिनियमनाची अवरोधक साधने आणि र. धों. कर्वे यांचे कार्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
र. धों. कर्वे (1882–1953) हे महाराष्ट्रातील संततिनियमनाचे आद्य प्रचारक होत. नीती-अनीतीच्या वादात साधनांच्या परिणामकारकतेचा प्रश्न झाकोळला जातो. प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्याचा या प्रश्नाच्या अंगाने विचार केला आहे.

साधनांची परिणामकारकता :
निरोध, डायफ्रॅम, गर्भाशयमुखावरील रबरी टोपी ही साधने शुक्रजंतू व स्त्रीबीज यांचा संयोग रोखतात. अमेरिकेतील अंदाजानुसार, निरोधाचा नेहमी अचूक वापर केल्यास वर्षभरात 100 पैकी सुमारे 2 स्त्रियांना गर्भधारणा होते. प्रत्यक्ष वापरात हे प्रमाण सुमारे 13, तर साधनाविना सुमारे 85 असते. 2 आणि 13 यांतील तफावत मुख्यतः अनियमित व चुकीच्या वापराची आहे. म्हणजेच येथे साधनाइतकेच ज्ञानही महत्त्वाचे ठरते.

कर्वे यांचे कार्य :
1921 मध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमन केंद्र उघडले. त्याच वर्षी कर्वे यांनी मुंबईत असे केंद्र सुरू केले. 1923 मध्ये त्यांचा ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या प्रचारापायी 1925 मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडावे लागले. 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील मोर्शीसारख्या गावातील दांपत्याला मुंबईचे केंद्र दूरचे होते. छापील शब्द मात्र टपालाने पोहोचू शकत होता. म्हणूनच 1934 चा खटला महत्त्वाचा ठरतो. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरविण्यात आली. कर्वे यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही शिक्षा टळली नाही. शंकानिरसनच गुन्हा ठरल्यावर साधनाचा अचूक वापर लोकांनी शिकावा कोठे?

डिसेंबर 1935 मध्ये मार्गारेट सँगर यांनी वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेतली. गांधीजींनी कृत्रिम साधनांऐवजी आत्मसंयमाचाच पुरस्कार केला. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाचे धोरण बदलले. 1968 मध्ये ‘निरोध’ 15 पैशांत तीन या सवलतीच्या दराने उपलब्ध झाला.

निष्कर्ष :
किंमत कमी झाल्याने साधन हाती आले, तरी त्याचे यश मोकळ्या व शास्त्रीय माहितीवरच अवलंबून राहिले. कर्वे यांचा लढा विचारस्वातंत्र्याचा होता, तसाच तो साधनांच्या परिणामकारकतेचाही होता.