तंबाखूच्या डबीतले बी

माझ्या वडिलांकडे युद्धकाळातली एक सायकल होती. तिच्या मागच्या ट्यूबला इतकी ठिगळे होती, की मूळ ट्यूब कोणती आणि ठिगळ कोणते हे सांगणे कठीण. 1942 साली मलाया जपान्यांच्या हाती पडला, जगाचे रबर आटले आणि त्याची झळ आपल्या सायकलीपर्यंत पोचली, असे ते सांगत. तीच झळ अमेरिकेलाही लागली व तिच्यापायी एका वाळवंटी झुडपाचे नशीब उघडले, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या झुडपाचे नाव ग्वायुले.

उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या माळांवर ते आपोआप उगवते. उंची बेताची, पाने राखी, कूळ सूर्यफुलाचे. रबराच्या झाडाला चीर दिली की चीक वाहतो, तसे येथे नाही. रबर सालीच्या पेशींत कोंडलेले असते. झुडूपच तोडून भरडावे तेव्हा ते सुटे होते. साहजिकच रान ओरबाडले गेले आणि लागवडीचा विचार सुरू झाला.

1910 साली मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला. तेथल्या एका अमेरिकन रबर कंपनीत विल्यम मॅकॅलम नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ याच खटाटोपात होते. कंपनीचे काम विस्कटले तेव्हा ते निवडक बी घेऊन सरहद्दीपार आले. तंबाखूच्या डबीत लपवून, असे सांगतात. डबीची गोष्ट कोणी रंगवलेलीही असेल, पण अशक्य मुळीच नाही. हे बी इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास दाणे मावतात!

आणि बी तरी किती हट्टी! प्रत्येक दाण्याला दोन वांझ फुले चिकटलेली. ताजे पेरले तर ते उगवतच नाही. आतला गर्भ सुमारे दोन महिने झोपून राहतो आणि भोवतीचे आवरण त्याहूनही अधिक काळ अडवून धरते. शेवटी क्लोरीनच्या पाण्यात धुऊन त्याला जागे करावे लागे. उगवलेले रोप म्हणजे दोन इवल्या दलिका. बी जरा खोल गेले तर कोंब वर येत नाही, माती सुकली तर मरतो, तण माजले तर गुदमरतो. मोठेपणी वर्षावर्षाची अवर्षणे सोसणाऱ्या झाडाचे पोर असे नाजूक! म्हणून कॅलिफोर्नियात सलिनास गावी त्याच्या रोपवाटिका उभ्या राहिल्या. वाफ्यात बी पेरायचे, वर वाळूचा पातळ थर द्यायचा, पाणी शिंपडत राहायचे आणि रोपे जून झाली की शेतात लावायची. आणखी एक मौज अशी, की यातल्या बऱ्याच झाडांचे बी फलनावाचून धरते. बापाचा पत्ताच नाही. लेकरे थेट आईच्या वळणावर!

मार्च 1942 मध्ये अमेरिकी सरकारने कायदा करून कंपनीचे बी व रोपे विकत घेतली आणि मोठा प्रकल्प उभारला. त्याच वसंतात दुसराही एक हुकूम अमलात येत होता. पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतली बहुसंख्य तर अमेरिकेचीच नागरिक होती. याच सलिनासमध्ये घोड्यांच्या खेळांच्या मैदानावर अशांना आधी गोळा करून ठेवले होते.

सिएरा नेव्हाडाच्या पायथ्याशी मान्झनार येथे दहा हजारांची अशी एक छावणी होती. कॅलिफोर्निया तंत्रशास्त्र संस्थेतील प्राध्यापक रॉबर्ट एमर्सन यांच्या मनात आले, की या लोकांत रोपवाटिकावाले आहेत, रसायनज्ञ आहेत. यांना ग्वायुले का देऊ नये? सलिनासची टाकाऊ रोपे तिकडे गेली. या झाडाचे छाट लागत नाहीत अशी जाणत्यांची समजूत होती. मान्झनारच्या माळ्यांनी छाटांना मुळे फोडून दाखवली. मासुओ कोदानी हे आनुवंशशास्त्रज्ञ तेथेच, काटेरी तारांच्या आत, या रोपांवर संशोधन करीत होते. साधने तुटपुंजी, पण काढलेले रबर चांगले निघाले.

डोरोथिया लँग या छायाचित्रकर्त्रीने जुलै 1942 मध्ये टिपलेले एक चित्र माझ्या पाहण्यात आले. लाकडी पट्ट्यांच्या छपराखाली ग्वायुलेचे वाफे, त्यांवर ऊनसावलीचे पट्टे. छावण्यांची तिची चित्रे युद्ध संपेतो सरकारने लोकांपुढे येऊ दिली नाहीत. मी त्या चित्रापाशी बराच वेळ थांबलो. स्वतःचे घर सुटलेल्या माणसाने ज्यांनी घर सोडायला लावले त्यांच्याच टायरांसाठी रोप जपायचे, हे माझ्याच्याने झाले असते का? मला तरी खात्री वाटत नाही.

ग्वायुलेला रबर साठवायला काही वर्षे लागतात, आणि युद्धाला तेवढा धीर नव्हता. तोवर पेट्रोलियमपासून कृत्रिम रबर मुबलक निघू लागले. नोव्हेंबर 1945 मध्ये मान्झनारची छावणी बंद झाली. पुढल्या वर्षी सरकारी प्रकल्पही गुंडाळला गेला. तीस हजार एकरांच्या आसपास झालेली लागवड जमीनमालकांना जागा मोकळी करून देण्यासाठी नष्ट करण्यात आली. त्यातली पुष्कळ झुडपे नुकतीच कुठे रबर धरू लागली होती.