अशीरगड : दक्षिणेच्या वाटेवरील लष्करी ठाणे

आजच्या काळी लष्करी ठाणे म्हटले की विमानांचा तळ, लांबलचक धावपट्टी आणि आकाशावर रोखलेली यंत्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. विमाने नव्हती तेव्हा हेच काम डोंगरी किल्ले करीत असत. उंचावरून मुलखावर नजर ठेवणे, दाणागोटा व दारूगोळा साठविणे आणि प्रसंग पडताच फौज बाहेर काढणे, ही त्यांची कामे. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवर शतकानुशतके हे काम ज्याने केले, तो किल्ला अशीरगड होय.

बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर सातपुड्यात हा गड उभा आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात येणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते. अशीरगड, कमरगड व मलयगड असे त्याचे तीन भाग. तापीकाठचे बऱ्हाणपूर म्हणजे पेठ आणि अशीरगड म्हणजे तिचा पहारा. म्हणूनच या जोडीला ‘दक्षिणेचे द्वार’ ही संज्ञा मिळाली.

गड बळकट खरा. परंतु त्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार मनात भरते. तटाला खिंडार पडण्याआधीच तो शत्रूच्या हाती गेला आहे. आसा अहीर नावाच्या धनिकाकडून नासीरखान फारुकीने तो घेतला, त्याची हकीकत फिरिश्त्याने दिली आहे. घरच्या बायकांना आश्रय हवा अशी विनंती करून खानाने डोल्या वर पाठविल्या आणि त्यांतून शस्त्रधारी शिपाई उतरले. पुढे अकबराने गडास वेढा घातला व १६०१ च्या जानेवारीत तो त्यास मिळाला. मोगल इतिहासकार गडावरील रोगराईचे कारण सांगतात; पाद्र्यांच्या वृत्तांतात मात्र बोलणी करण्यास आलेल्या बहादुरखान फारुकीला अडकवून ठेवल्याचे आणि गडावरील लोकांना सोने चारल्याचे वर्णन आहे.

मोगलांनी बऱ्हाणपूर हे दक्षिणेतील आपल्या मोहिमांचे मुख्य ठाणे केले. शहाजहानचा मुक्काम येथे असताना १६३१ मध्ये मुमताजमहल येथेच मृत्यू पावली. १६८१ च्या आरंभी छत्रपती संभाजीमहाराजांच्या फौजेने या वैभवशाली शहरावर धाड घालून बहादूरपुरा ही पेठ लुटली. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरास येऊन दाखल झाला.

उदगीरच्या विजयानंतर १७६० मध्ये निजामाने अशीरगड व बऱ्हाणपूर पेशव्यांना दिले. पुढे गड शिंद्यांकडे आला. असईच्या लढाईनंतर ऑक्टोबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने तो घेतला. परंतु सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो शिंद्यांना परत मिळाला.

खरा कसोटीचा प्रसंग त्यानंतरचा. नोव्हेंबर १८१७ मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या तहाने हा गड युद्ध संपेपर्यंत इंग्रजांच्या हवाली करण्याचे कबूल केले. किल्लेदार यशवंतराव लाड याने मात्र तो खाली केला नाही. इतक्यात नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून, महादेवाच्या डोंगरांतून आडवाटेने अशीरगडाच्या आश्रयास आले. १८१९ च्या मार्चमध्ये डोव्हटन व माल्कम यांच्या फौजांनी गडास वेढा दिला. पेठ पडली, तोफा धडाडू लागल्या आणि ९ एप्रिल १८१९ रोजी किल्लेदाराने गड सोडला. आप्पासाहेब इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. परंतु गडावर शिंद्यांचे पत्र सापडले : उघड हुकूम काहीही असो, गड देऊ नये, अशा आशयाचे. इंग्रजांनी त्याचा आधार घेऊन अशीरगड कायमचा आपल्याकडे ठेवला.

किल्लेदाराने कोणता हुकूम मानावा? धन्याने दरबारात दिलेला, की गुप्तपणे लिहिलेला? यशवंतरावाला बंडखोर ठरविणे इंग्रजांना सोपे गेले. पण त्या पत्राने तो चाकरीला जागत होता हेच सिद्ध झाले. दुटप्पीपणाची किंमत मात्र धन्याला आपल्या गडाने चुकवावी लागली.

इंग्रजी अमलात हे ठाणे तुरुंगही झाले. संबळपूरचे वीर सुरेंद्र साय यांनी येथील कैदेतच १८८४ मध्ये देह ठेवला. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग सातपुड्याच्या याच खिंडीतून पुरा झाला. फौजा आगगाडीने जाऊ लागल्या, तसे डोंगरावरच्या पहाऱ्याचे महत्त्व ओसरले. विसाव्या शतकाच्या आरंभी शिबंदीही उठली.

आज गडावर शिवालय आहे. अश्वत्थामा तेथे पहाटे पूजेस येतो आणि पिंडीवर ताजे फूल दिसते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. फारुकी गेले, मोगल गेले, शिंदे आणि इंग्रजही गेले. देवाचे स्थान राहिले. विमानांच्या युगातही अशीरगडाची शिकवण जुनी झालेली नाही. ठाणे तटाने भक्कम होते. पण ते टिकते आतल्या माणसांच्या इमानाने आणि त्यांना हुकूम देणाऱ्यांच्या सचोटीने.