कल्हईचा धूर

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की आमच्या कोंढ्यात कल्हईवाल्याची आरोळी ऐकू येई. पवनी तालुक्यातले हे गाव धानाचे. हलके धान कापणीला आलेले असे, आणि घरोघर बायका माळ्यावरची भांडी खाली काढीत असत: गुंड, गंज, पराती, वाट्या. माझी आजी एकेक भांडे उजेडाकडे धरून आत डोकावे. बुडाशी कोठे तांबूस डाग दिसला, की ते भांडे बाजूला पडे. 'ताक कळकेल यात,' एवढेच ती म्हणे आणि त्यावर अपील नसे.

कडुलिंबाखाली कल्हईवाला खड्डा खणी, त्यात भात्याची नळी पुरी आणि कोळसे पेटवी. त्याचा मुलगा मोठ्या भांड्यात वाळू टाकून आत उभा राही आणि कंबर घुसळीत, पायाने ते घासून काढी. आम्हा पोरांना तो नाचच वाटे. मग भांडे निखाऱ्यावर तापे, त्यावर नवसागराची पूड पडे, पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि त्या लोटातच कल्हईवाला कथलाची कांब टेकवून कापसाच्या बोळ्याने हात फिरवी. काळेकुट्ट भांडे आतून चंद्रासारखे होई. ते पाण्यात बुडवताना होणारा 'चर्रर' हा आवाज ऐकण्यासाठी आम्ही शाळाही बुडवीत असू.

'पोरा, तोंड तिकडं कर. धूर नाकात जाते,' असे तो मला दरवर्षी दटावी. स्वतःचे तोंड मात्र तो कधी फिरवीत नसे. फिरवता येण्यासारखे नव्हतेच. नजर हलली की कथील एका जागी साचे. दर दोन भांड्यांमागे तो खोकत असे. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. कल्हईवाला म्हणजे खोकणारा माणूस, अशीच आमची समजूत होती.

आमच्या भंडारा जिल्ह्याला पितळेचे नाते फार जुने. भाणे म्हणजे पितळेचे ताट. त्यावरूनच भंडारा हे नाव पडले, असे सांगणारे आहेत. बाराव्या शतकाच्या आरंभीच्या रतनपूरच्या शिलालेखात 'भानार' असे नाव येते, त्याचाही दाखला देतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, भंडाऱ्याची पितळी भांडी मात्र खरी. पण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट पदार्थ त्यात राहिला, की तांबे अन्नात उतरते, आणि खाणाऱ्याला मळमळ व ओकाऱ्या होतात. कथील आंबटाला सहसा दाद देत नाही. म्हणून पितळेच्या पोटात कथलाचा पातळ पापुद्रा द्यायचा. कथील २३२ अंशांवर वितळते, तेवढी धग कोळशाचा खड्डा सहज देतो. ही धातू बव्हंशी समुद्रापलीकडून, मलायाकडून येई. आमच्या पूर्वेला बस्तरात तिचे खनिज आहे, हे फार पुढे कळले.

कथलाची कीर्ती मोठी सोज्वळ. रुद्रामागून म्हटल्या जाणाऱ्या चमकात सोने, लोखंड, शिसे यांच्या जोडीला 'त्रपू' मागितले आहे. त्रपू म्हणजे हेच कथील. वैद्य वंगभस्म देत आले. कथलाचा फार थोडा अंश अन्नातून रक्तात जातो, हेही खरे. पण एखाद्या घराण्याची कीर्ती त्यातल्या प्रत्येक मुलाला लागू पडतेच असे नाही, आणि धातूचेही तसेच आहे.

हे मला कळले ते नागपुरास रसायनशास्त्र शिकताना. एका आषाढात प्रयोगशाळेत मी एक बाटली उघडी ठेवली. आत पाण्यासारखा नितळ द्रव होता, टिन टेट्राक्लोराइड, म्हणजे कथील आणि क्लोरीन यांचे संयुग. बाहेर पाऊस, हवा दमट. पाहता पाहता बाटलीच्या तोंडातून दाट पांढरा धूर निघून टेबलावर पसरला. घसा जळाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. चूक सर्वस्वी माझी होती. पण त्या क्षणी मला आठवला तो कडुलिंबाखालचा खड्डा.

लिबाव्हियस नावाच्या जर्मन रसायनज्ञाने सोळावे शतक संपता संपता या द्रवाचे वर्णन केले. त्याचा 'धुमसणारा अर्क' म्हणूनच तो शतकानुशतके ओळखला गेला. ओलाव्याची गाठ पडली, की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. पहिल्या महायुद्धात हा द्रव तोफगोळ्यांत भरून शत्रूवर धूर सोडला गेला. रेशीम वजनावर विकणाऱ्यांनीही त्याचा उपयोग केला. त्यात बुचकळलेले रेशीम जड होई, भाव चढे, आणि काही वर्षांनी ते वस्त्र घडीवरच फाटे. आता तो काचकारखान्यांत आणि इतर संयुगे बनवण्यासाठी लागतो. त्याच्याशी वागण्याची रीत अवघड नाही. बूच घट्ट, जागा कोरडी, पाणी लांब. ओतायचा तो धूर बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात, हातमोजे आणि चष्मा लावून. अंगावर उडालाच, तर ओल्या फडक्याने पुसू नये, नळाखाली भरपूर पाण्याने धुवावे. एवढे मला आदल्या दिवशी कोणी सांगितले असते, तरी मी ऐकले असते की नाही, याची शंकाच आहे.

खड्ड्यातला धूर हा याचा सौम्य भाऊ. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि तेच आम्ल सुटते. आम्ल भांड्यावरचा मळ खाते, म्हणून तर कथील चिकटते. वर उठणारा पांढरा लोट बहुतेक पुन्हा जमलेल्या नवसागराचाच. पण त्यात थोडी कथलाची आणि जस्ताची क्लोराइडेही असतात, आणि जस्ताचे क्लोराइड छातीला वाईट. कथलात स्वस्त म्हणून शिसे मिसळले असेल, तर तेही धुळीतून आणि हातांवाटे पोटात जाते. आमचा कल्हईवाला कांब कानाशी धरून वाकवून पाही. शुद्ध कथील वाकताना कुरकुरते. शिसे मुकाट वाकते. ही परीक्षा तो गिऱ्हाईकासाठी करी, तरी तिचा लाभ त्यालाही होत असे. त्याला ते ठाऊक होते की नाही, मी कधी विचारले नाही.

कथलाच्या कीर्तीने सर्वांत मोठा घात केला तो फ्रान्समध्ये. गळवांवर कथील आणि त्याचे भस्म यांच्या गोळ्या देण्याची चाल तिकडे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पडली होती, आणि कोणाचे फारसे बिघडले नव्हते. १९५४ साली 'स्टॅलिनॉन' नावाचे नवे औषध निघाले. त्यातही कथीलच होते. पण कर्बाशी जोडलेले, डायएथिलटिन डायआयोडाइड. हे संयुग इंग्लंडच्या एडवर्ड फ्रँकलंडने १८४९ च्या सुमारास प्रथम बनवले होते. औषधात त्याच्या जातीचे आणखी जहाल ट्रायएथिलटिनही मिसळलेले होते. रोग्यांना भयंकर डोकेदुखी आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, दृष्टी गेली, मेंदूला सूज आली. शंभराच्या आसपास माणसे दगावली. ट्रायएथिलटिन प्राण्यांना मारते, ही नोंद एकोणिसाव्या शतकातच शास्त्रीय नियतकालिकांत छापली गेली होती. ती वाचायला सत्तर वर्षे मिळाली होती! कर्बाशी जोडलेले कथील चरबीत विरघळते. त्यातली काही संयुगे कातडीतूनही आत शिरतात. भस्माचा अनुभव त्यांना लावणे म्हणजे मीठ खातो म्हणून क्लोरीनही हुंगण्यासारखे आहे.

तोच प्रकार पुढे समुद्रात झाला. जहाजांच्या बुडांना शिंपले चिकटू नयेत म्हणून १९६० नंतर ट्रायब्युटिलटिनचे रंग फासले जाऊ लागले. शिंपले गेले खरे. पण फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातल्या कालवांची कवचे वेडीवाकडी जाड होऊ लागली, आणि काही जातींच्या गोगलगायींच्या माद्यांवर नराची इंद्रिये उगवली. फ्रान्सने १९८२ साली लहान बोटींवर बंदी घातली; जगभरचा करार २००१ साली झाला आणि २००८ साली अमलात आला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी आपल्या पश्चिम किनाऱ्याचे पाणी, गाळ आणि जलचर तपासून २००४ साली निष्कर्ष छापले. त्या सर्वांत ही संयुगे होती.

कल्हईची दखल कायद्यानेही घेतली. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत, नीट कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात केलेले अन्न खाण्यास अयोग्य मानावे, असे कलम होते. ते मी वयाच्या पन्नाशीत वाचले आणि आजीची आठवण होऊन हसू आले. सरकारने तिचाच निकाल कागदावर उतरवला होता. पण पुन्हा वाचताना ध्यानात आले, की त्या कलमात भांडे आहे, अन्न आहे, खाणारा आहे, आणि धुरात बसणारा मात्र नाही. वाऱ्याकडे पाठ करून बसावे, नाकावर ओले फडके बांधावे, मुलाला दूर ठेवावे, इतके साधे सांगायलाही त्याच्याकडे कोणी गेले नव्हते. गेला असता तर मी जायला हवे होते. मला धूर कशाचा ते कळत होते, आणि सुटीत मी गावी जात होतो.

तोवर स्टेनलेस स्टीलने माजघर जिंकले होते. कल्हईवाला शेवटचा आला तेव्हा आजी नव्हती. आईने दोनच भांडी काढून दिली, तीही त्याला रिकामे पाठवू नये म्हणून. भांड्यात उभा राहणारा त्याचा मुलगा आता भाता ओढीत होता आणि बापासारखाच खोकत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. म्हाताऱ्याने वर न पाहता हाताने मला बाजूला सारले.

त्यातले एक गंज अजून घरी आहे. बुडाशी तांबूस डाग पडला आहे. अभ्यंगस्नानाचे पाणी आम्ही त्यात काढतो. त्याला कल्हई लागत नाही.