हाडातील युरेनियम आणि दख्खनच्या आदिमानवाचे वय

१/ पैठणहून गोदावरीच्या काठाने गेले की जवळच मुंगी हे गाव लागते. १८६५ च्या सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. विन यांना येथील नदीच्या जुन्या थरात अकीकाचा एक घडीव छिलका मिळाला. याच थरांत नामशेष प्राण्यांची अश्मीभूत हाडेही सापडत होती. म्हणजे त्या प्राण्यांच्या काळी गोदाकाठी माणूस होता. पण हा काळ नेमका कोणता?

२/ या प्रश्नाचे एक उत्तर अनपेक्षित ठिकाणी दडलेले आहे: हाडात साठणाऱ्या युरेनियममध्ये. त्यासाठी आधी जिवंत प्राण्याकडे पाहू. माती, पाणी आणि चारा यांत युरेनियम अत्यल्प प्रमाणात असतेच. गाय चरते तेव्हा गवताबरोबर थोडी मातीही तिच्या पोटात जाते आणि त्यातून युरेनियमही.

३/ पोटात गेलेले बहुतेक युरेनियम शेणावाटे बाहेर पडते. आतड्यातून रक्तात उतरतो तो शंभरातला एखाद-दुसराच भाग. त्यातलाही मोठा हिस्सा मूत्रपिंडे गाळून टाकतात. म्हणूनच प्रमाण वाढले की पहिली इजा मूत्रपिंडांना होते. उरलेले हाडात जाते, कारण तेथील खनिज कॅल्शियमचे फॉस्फेट असते आणि युरेनियम कॅल्शियमची जागा घेऊ शकते. मांसात मात्र ते फारसे राहत नाही.

४/ हे ज्ञान युद्धाच्या सावलीत वाढले. अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पासाठी रॉचेस्टर विद्यापीठात प्राण्यांना युरेनियमची संयुगे अन्नातून देऊन त्यांचे अवयव तपासले गेले. कार्ल फोगट्लिन आणि हॅरॉल्ड हॉज यांनी संपादित केलेले ते निष्कर्ष १९४९ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. उद्देश कामगारांच्या सुरक्षेचा होता; पण युरेनियम हाडात मुक्काम करते, ही गोष्ट पुरातत्त्वालाही उपयोगी पडणार होती.

५/ आता खरी गुंतागुंत. जिवंत प्राण्याच्या एक किलो हाडात युरेनियम असते काही मायक्रोग्रॅम. अश्मीभूत हाडात मात्र ते अनेक मिलिग्रॅम, म्हणजे हजारो पटींनी अधिक भरते. हे अन्नातून आलेले नव्हे. मृत्यूनंतर हाडातील सेंद्रिय भाग कुजतो, छिद्रे मोकळी होतात आणि भूजलातील युरेनियम त्यांत शिरून बसते. प्राणी मरतो, पण त्याचे हाड युरेनियम घेतच राहते.

६/ बखरीच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल. मूळ मजकूर थोडा आणि नंतरच्या नकलकारांनी घातलेली भर मोठी! फरक इतकाच की येथे कालमापनासाठी ही नंतरची भरच कामाची असते.

७/ ती कशी? युरेनियम पाण्यात विरघळते. त्याच्या क्षयातून निर्माण होणारे थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे हाडात सापडणारे थोरियम बाहेरून आलेले नसून तेथेच जन्मलेले असते. थोरियम जितके जास्त, तितके युरेनियम आत येऊन अधिक काळ लोटला. मात्र सुमारे साडेतीन लाख वर्षांनंतर दोहोंचे प्रमाण स्थिरावते आणि हे घड्याळ थांबते.

८/ याचा दख्खनमधील मोठा प्रयोग झाला कर्नाटकातील हुणसगी-बैचबाळ खोऱ्यांत. हा शोरापूरचा मुलूख मराठवाड्याप्रमाणेच एकेकाळी निजामाच्या राज्यात होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी येथे हातकुऱ्हाडी वापरणाऱ्या अश्युलियन मानवाची अनेक स्थळे शोधली. त्यांतील तेग्गीहळ्ळी येथील प्राण्यांच्या दातांचे युरेनियम-थोरियम वय १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

९/ बैलवर्गीय प्राण्याच्या दाताने सांगितले: सुमारे २ लाख ८७ हजार वर्षे. हत्तीच्या दाताने सांगितले: साडेतीन लाखांहून अधिक. स्थळ एक, साक्षी दोन, जबान्या वेगळ्या! हे घड्याळ प्राण्याच्या मृत्यूपासून सुरू होत नाही. युरेनियम आत आल्यापासून सुरू होते. शिवाय ते थोडे-थोडे येत राहिले, तर खरे वय मोजलेल्या वयाहून अधिक निघते.

१०/ पुढे त्याच परिसरातील इसामपूरच्या दातांवर इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स ही पद्धत वापरली गेली. दाताच्या एनॅमलने आजवर साठवलेल्या किरणोत्साराला वर्षाच्या मात्रेने भागायचे, हे तिचे सूत्र. २००२ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले: सुमारे १२ लाख वर्षे. पण ही वार्षिक मात्राही दातातील युरेनियमवर अवलंबून असते. ते संथ गतीने, सारखे येत राहिले असे धरले, तर १२ लाख. प्रारंभीच आले असे धरले, तर वय खाली येते. उशिरा आले असे धरले, तर वर जाते.

११/ म्हणजे भारतातील आदिमानवाचे लाखो वर्षांचे वय एका गृहीतकावर तोलले गेले: मेलेल्या जनावराच्या दाताने पाण्यातले युरेनियम केव्हा घेतले? म्हणूनच दुसरा साक्षीदार हवा असतो. २०११ मध्ये चेन्नईजवळच्या अत्तिरम्पक्कमचे वय सुमारे १५ लाख वर्षे निघाले, तेही दात-हाडांविना, दगडांतील वैश्विक किरणांच्या खुणा आणि पुराचुंबकत्व यांवरून. इसामपूरची साक्ष एकाएकी एकाकी राहिली नाही.

१२/ यातून घ्यायचा धडा साधा आहे. 'इतक्या लाख वर्षांपूर्वीचे' असा आकडा वाचनात आला की दोन प्रश्न विचारावेत: मोजले काय, आणि गृहीत काय धरले? कागदाची चिकित्सा आपण करतोच; हाडाचीही करावी लागते. मुंगीच्या त्या छिलक्यापासून सुरू झालेला शोध अजून संपलेला नाही, आणि गोदावरीच्या दरडींत अजून पुष्कळ साक्षी पुरलेल्या आहेत.