लोहित: लिनक्सवरची पुणेरी अक्षरं

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा सपोर्ट थांबवला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 लागतं, भोसरीत बाबांच्या वर्कशॉपमधल्या पीसीत ते नव्हतं. पण पीसी ठणठणीत, मग भंगारात का घालायचा? चलनांचा बॅकअप घेतला, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं आणि मगच विंडोज पुसलं.

धास्ती होती ती मराठीची. पण जोडाक्षरं अगदी नीट उमटली. फॉन्टचं नाव लोहित, म्हणजे लाल. रेड हॅट कंपनीने आणलेला, म्हणून शोभतंही! मूळ अक्षरं मात्र पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. हो, तेच श्रीलिपीवाले. डीटीपीवाले श्रीलिपीसाठी पैसे मोजायचे. लोहित मात्र आधी जीपीएल आणि 2011पासून ओपन फॉन्ट लायसन्सखाली खुला. कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा.