काचीगुड्याचे मास्तर आणि चाल करून जाणारा बचाव



आपल्या हैदराबादी मराठी घरांत क्रिकेटच्या गप्पा निघाल्या की रात्र सरते. फुटबॉलचं नाव मात्र फारसं कुणी काढत नाही. २०२४ मध्ये ‘मैदान’ सिनेमा आला तेव्हा नातवंडांना रहीम साहेबांचं नाव कळलं. सिनेमा आला तो बरंच झालं. पण हा माणूस आपल्या वस्तीच्या किती जवळचा होता, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं, म्हणून हे लिहितो आहे.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिकले आणि पेशानं शिक्षक झाले. काचीगुडा, चादरघाट इथल्या शाळांत त्यांनी मुलांना शिकवलं. काचीगुडा म्हणजे आपल्या मराठी मंडळींचा जुना मोहल्ला. सुलतान बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय, जांबागेतली १९०७ ची विवेक वर्धिनी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. तिथलेच हे मास्तर. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९५० पासून शेवटपर्यंत सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक राहिले.

त्यांची शिकवण्याची रीत खरी मास्तरकीची होती. ते मुलांच्या वेगळ्याच स्पर्धा भरवत. एका स्पर्धेत ज्या पायात जोर कमी त्याच पायानं खेळायचं. दुसरीत चेंडू घोळवायला बंदी, आला की लगेच साथीदाराकडे द्यायचा. ऐकायला गंमत वाटते, पण यात फार मोठा हिशेब आहे. समोरचा फॉरवर्ड नेहमी बॅकच्या कच्च्या पायाकडूनच निसटतो. दोन्ही पाय पक्के असले की ती वाट बंद होते. आणि चेंडू हिसकावल्यावर बॅकनं तो कवटाळून न बसता तिथल्या तिथे पुढे दिला, तर प्रतिस्पर्धी सावरायच्या आत आपली चढाई सुरू झालेली असते. बचाव म्हणजे गोलासमोर भिंत बांधून उभं राहणं नव्हे, पुढे जाऊन चेंडू काढून घेणं आणि तिथूनच हल्ला चढवणं. रहीम साहेबांच्या संघांचं मर्म मला तरी यात दिसतं.

आता काळ बघा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामी संपली. रझाकारांच्या दिवसांची धास्ती आपल्या घरांत होती, आणि कारवाईनंतरची धास्ती शेजारच्या मुसलमान घरांत होती. शहर आतून दुभंगलेलं होतं. अशा वेळी, दोनच वर्षांनी, १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ मुंबईला गेला आणि कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकून आला. एकदा नाही, १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं. मुंबई-पुण्याच्या नातेवाईकांना तोवर हैदराबाद म्हटलं की निजाम आणि रझाकार एवढंच आठवायचं. त्याच गावाचं नाव आता खेळाच्या बातमीत, कौतुकानं यायला लागलं.

मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. भारतानं इराणला १-० नं हरवून सुवर्णपदक घेतलं. प्रशिक्षक कोण, तर अडीच वर्षांपूर्वी भारतात सामील झालेल्या संस्थानातले हे मास्तर. विलिनीकरण कागदावर झालं होतं. माणसांचं विलिनीकरण असं होत असतं.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं झोडपलं. आपले बरेचसे गडी अनवाणी खेळले होते. त्यानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले. आणि तोच देश, तेच मास्तर १९५६ ला मेलबर्नमध्ये उपांत्य फेरीत पोचले! ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, त्यात मूळ गोव्याच्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे तीन गोल. शेवटी चौथा क्रमांक मिळाला. योगायोग असा की १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आपल्यापासून तुटून मुंबई राज्यात गेला, हैदराबाद राज्यच नकाशावरून गेलं आणि आपण इथले अल्पसंख्य झालो. बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, ऑस्ट्रेलियाचा तो सामना झाला. राज्य उरलं नव्हतं, पण त्या संघात हैदराबादची पोरं होती.

आता जकार्ता, १९६२. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव. मग थायलंडविरुद्ध आपला स्टॉपर जर्नेलसिंग डोकं फोडून घेऊन बाहेर आला, टाके पडले. भारतीय संघातला सर्वांत कडवा बचावपटू तो. दुसरा कुणी असता तर त्याला घरी बसवला असता. रहीम साहेबांनी उपांत्य सामन्यात त्याला सेंटर फॉरवर्ड केला! जर्नेल कॉलेजात असताना पुढे खेळायचा, हे त्यांच्या लक्षात होतं. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोल केला, आपण ३-२ नं जिंकलो.

४ सप्टेंबरला अंतिम सामना, पुन्हा कोरिया. तैवान आणि इस्रायलला खेळांतून वगळल्याच्या वादामुळे प्रेक्षक भारतावर खवळलेले. गोलात आजारातून उठलेला सिकंदराबादचा थंगराज, त्याच्यापुढे अरुण घोष, चंद्रशेखर, त्रिलोकसिंग. हाफला कोलवाळचा गोंयकार फोर्तुनातो फ्रँको. पुढे आपल्याकडचे बलराम आणि युसूफ खान, आणि कप्तान चुनी गोस्वामी. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल, विसाव्याला जर्नेलचा. वीस मिनिटांत दोन गोल मिळाल्यावर कुणीही स्टॉपरला परत मागे खेचला असता. तसं झालं नाही. उरलेली सत्तर मिनिटं मागच्यांनी सांभाळली. कोरियाचा एक गोल शेवटी शेवटी झाला. २-१, सुवर्ण.

तोवर कर्करोगानं त्यांना पोखरलं होतं. ११ जून १९६३ ला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, रहीम साहेब गेले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ ला सुरू झाला, म्हणजे त्यांच्यामागे बावीस वर्षांनी. १९७० ला बँकॉकमध्ये भारताला कांस्य मिळालं, तेव्हा कप्तान होता हैदराबादचाच बचावपटू, सय्यद नईमुद्दीन. आशियाई खेळांतलं सुवर्ण मात्र जकार्तानंतर आजतागायत नाही.

आपण आपल्या इतिहासात शाळा, ग्रंथालयं, गणेशोत्सव, मुक्तिसंग्राम हे सगळं जपतो, आणि जपायलाच हवं. पण दोन गल्ल्यांपलीकडच्या उर्दू बोलणाऱ्या मास्तरांना आपण ‘त्यांचे’ म्हणून सोडून दिलं. त्या गावात आपणही होतो, तेव्हा ते आपलेही होते. काचीगुडा, चादरघाटच्या शाळांत शिकलेले तुमच्या घरचे कुणी वडीलधारे असतील, तर त्यांना रहीम साब आठवतात का विचारा. जे सांगतील ते खाली लिहा. अशी माणसं आता थोडी राहिलीत.